सोसणे आणि मागणे

एलिया संदेष्ट्याची गोष्ट आपण मिस्सेच्या पहिल्या वाचनात पुष्कळदा ऐकली आहे. ईजबेल राणीच्या भीतीने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि आता मरण येऊ दे, असे देवाला म्हणाला. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी त्याला झोप दिली. मग देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिले. ते खाऊन एलिया पुन्हा झोपला, तेव्हा देवदूत दुसऱ्यांदा आला आणि त्याला पुन्हा उठवून खायला लावले. हे 'दुसऱ्यांदा' कित्येक वर्षे आमच्या कानांवरून नुसते गेले. २०२५ साली आमच्या घरात जे घडले, त्यानंतर ते ऐकू आले. त्यातून एक प्रश्न आमच्यासमोर उभा राहिला, तो आपल्यापुढे ठेवीत आहोत. दुखणे मुकाट्याने सोसणे हा सद्गुण केव्हा असतो, आणि केव्हा तो निव्वळ संकोच असतो?

आम्ही साठी ओलांडलेले नवराबायको. आमच्यापैकी कोण घोरतो, हे आळीत कोणीही सांगेल. २०१७ साली तपासणी केली, तेव्हा झोपेत श्वास अडण्याचा आजार निघाला. डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबतो, मग मेंदू दचकून माणसाला जागे करतो. असे रात्रभर चालते. तासाला पाचपेक्षा कमी वेळा झाले तर काळजी नसते, तीस किंवा त्याहून जास्त वेळा झाले तर आजार तीव्र समजतात. आमचा आकडा ३८ होता.

यावर सीपॅप नावाचे यंत्र मिळते. ऑस्ट्रेलियात सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा उपाय वैद्यकीय जगापुढे मांडला. नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब सतत दिला, की घशाची वाट उघडी राहते. दाब किती, हे माणसागणिक ठरते. आमच्या यंत्रावर ९ हा आकडा लावून दिला होता. सहा-सात वर्षे दोघांचीही झोप शांत झाली.

पुढे गुडघे दुखू लागले, चालणे सुटले आणि वजन दहा किलोने वाढले. यंत्र रोज रात्री न चुकता लावत होतो, तरी सकाळी डोके जड, दुपारी डोळ्यांवर झापड. फादरांचे प्रवचन सुरू झाले की मान खाली. आम्ही म्हणालो, वय झाले. देवाची मर्जी. प्रभूने एवढा मोठा क्रूस वाहिला, आपण एवढेसे सोसू नये का? डॉक्टरांकडे गेलो नाही, मुलांना बोललो नाही.

एका रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गातून नातवाला स्कूटरवर घरी आणताना डोळा लागला. स्कूटर रस्ता सोडून कुंपणावर गेली. कोणाला लागले नाही. नातू उठला आणि त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही झोपला होता का?"

त्या प्रश्नाने आमची सहनशीलता उघडी पडली. आपण एकटे सोसतो आहोत, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात आमच्या मुकाट्याने सोसण्याची किंमत मागच्या सीटवर बसलेले पोर देणार होते.

डॉक्टरांनी यंत्रातले कार्ड काढून वाचले. यंत्र चालू असतानाही तासाला वीसच्या वर वेळा श्वास अडत होता. रक्त तपासले, तर थायरॉइड मंद पडलेले निघाले. त्यानेही हा आजार बळावतो. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमचे शरीर बदलले, यंत्राचा दाब जुनाच राहिला." रुग्णालयात एक रात्र ठेवून दाब नव्याने ठरवायला हवा होता. खर्च वीस हजारांच्या घरात.

इथे विम्याची गोष्ट आली. २०२३ साली निवृत्तीबरोबर कंपनीचा विमा संपला आणि २०२४ साली आम्ही स्वतःची नवी पॉलिसी घेतली. अर्जात जुन्या आजारांचा रकाना होता. एजंट म्हणाला, "काकी, मोकळा सोडा. घोरणे हा काय आजार आहे?" त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ बोललो आणि सकाळी खरे ते लिहिले. हप्ता वाढला, वर या आजारासाठी तीन वर्षे थांबण्याची अट आली. आता तपासणीचा खर्च मागितला, तर त्याच अटीवर बोट ठेवून कंपनीने नकार दिला. मोकळा सोडला असता तर? हा विचार आमच्या मनात आला नाही असे म्हटले, तर ते आणखी एक खोटे होईल.

पण विचार करता वाटते, लिहिले ते बरे केले. विम्याची रक्कम कोणा एका शेठची नसते. आपल्यासारख्याच हजारो घरांच्या हप्त्यांतून ती जमते. खोटा अर्ज म्हणजे त्या अनोळखी शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष. शिवाय, एकदा लपवले की दर वेळी लपवावे लागते, उद्या डॉक्टरांनाही सांगावे लागते की कागदावर हे लिहू नका. संत लूकच्या शुभवर्तमानातली विधवा आठवा. न्यायाधीश अन्यायी होता, म्हणून तिने लाच दिली नाही की खोटा पुरावा आणला नाही. ती पुन्हा पुन्हा गेली, एवढेच.

मग पैसे नसताना उपचार करणे कर्तव्य आहे का? पोप बारावे पायस यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढे याचे उत्तर दिले आहे. जीव राखण्यासाठी साधे, नेहमीचे उपाय करणे माणसावर बंधनकारक आहे. स्वतःवर किंवा इतरांवर भारी ओझे टाकणारे उपाय बंधनकारक नाहीत. साधे काय आणि भारी काय, हे माणूस, स्थळ आणि काळ पाहून ठरते. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथातही आरोग्य ही देवाने सोपवलेली देणगी मानली आहे, आणि ती इतरांच्या गरजांचे भान ठेवून सांभाळावी असे सांगितले आहे. म्हणजे वाडी विकून तपासणी करा, असे ख्रिस्तसभा सांगत नाही. पण विचारण्याआधीच दार आपणच लावून घ्यावे, असेही ती सांगत नाही. आम्ही ते लावले होते आणि त्याला क्रूस असे नाव दिले होते.

म्हणून आम्ही डॉक्टरांकडे परत गेलो आणि जे सांगायला लाज वाटत होती ते सांगितले, की एवढे पैसे नाहीत. ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, "आधीच बोलायचे ना!" दाब आपोआप कमीजास्त करणारे यंत्र मिळाले, तर आमच्यासारख्या रुग्णाचा दाब घरीही ठरवता येतो, असे कळले. तसे यंत्र आमच्याच आळीतल्या एका बहिणीकडे कपाटात पडून होते. तिचे यजमान वारल्यावर त्याला कोणी हात लावला नव्हता. तिने स्वतः पुसून दिले. मास्क आणि नळी आम्ही नवी घेतली, यंत्र डॉक्टरांनी लावून दिले. दोन आठवड्यांनी कार्ड वाचून त्यांनी आमच्या यंत्राचा दाब १३ केला, थायरॉइडची गोळी सुरू झाली. आज आकडा चारच्या आसपास आहे. वजन उतरले, तर तो दाब पुन्हा बदलावा लागेल. आता त्याचे काही वाटत नाही.

विमा कंपनीचा नकार मात्र नकारच राहिला. तो नियमाला धरून होता, म्हणून आम्ही पुढे गेलो नाही. पण ज्यांना नियम सोडून नाकारले असेल, त्यांनी आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर बीमा लोकपालाकडे जावे. तिथे फी पडत नाही. आणि आपल्या धर्मग्रामातले जे विमा कार्यालयांत, रुग्णालयांच्या बिलांच्या खिडक्यांवर काम करतात, त्यांना एवढीच विनंती की 'नाही' म्हणताना दुसरी वाट ठाऊक असेल, तर तीही सांगावी.

बंधू-भगिनींनो, काही दुखणी खरोखर सोसायचीच असतात. त्यांसाठी प्रभू बळ देतो. पण जे विचारल्याने, मागितल्याने, खरे बोलल्याने हलके होऊ शकते, ते क्रूस म्हणून उराशी धरू नये. देवदूत एलियाकडे दुसऱ्यांदा आला, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. आपल्या घरात कोणाची झापड वाढली असेल, तर त्यालाही दुसऱ्यांदा हलवून विचारा. आणि कपाटात काही पडून असेल, तर ते बाहेर काढा.