पाहणारा आणि आठवणारा

झाडावरची चिंच डोळ्यांना दिसताच जिभेला पाणी सुटते, या साध्या अनुभवावर न्यायदर्शनाने आत्म्याच्या अस्तित्वाचा एक युक्तिवाद उभारला आहे. रंग डोळ्यांना कळतो, आंबटपणा जिभेला. मग पूर्वी चाखलेली चव आज केवळ पाहून जागी होते ती कोणाच्या ठायी? दोन्ही इंद्रियांहून वेगळा आणि दोन्ही काळी टिकणारा एकच ज्ञाता मानावा लागतो, असे नैयायिक म्हणतात.

‘अभिधर्मकोशा’च्या नवव्या प्रकरणात बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधूने मात्र असा स्थायी ज्ञाता नाकारला असून, त्याच्या मते क्षणोक्षणी उपजणाऱ्या आणि मावळणाऱ्या चित्तांची कार्यकारणाने जोडलेली मालिका, म्हणजेच ‘संतान’, स्मरणाला पुरेशी असते. देवदत्ताने पाहिलेले यज्ञदत्ताला आठवत नाही, कारण त्यांच्या चित्तांमध्ये तसा संबंधच नसतो. हे उत्तर वरवर वाटते त्याहून बळकट आहे, कारण आत्मा मानूनही संस्कारांवाचून स्मरणाची उपपत्ती लागत नाहीच. तरीही गुरूच्या चित्तामुळे शिष्याच्या चित्तात ज्ञान उपजत असताना गुरूचे बालपण शिष्याला का आठवू नये, हा नैयायिकांचा आक्षेप संतानवाद्यांना खरोखर अडचणीत आणतो.