कागद दिले, पुढे?

सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेला माझा भाचा गेल्या गणपतीला बेंगळूरहून घरी आला तो चिंतेतच. त्यांच्या गटातला एक जुना सहकारी नोकरी सोडून गेला होता. जाताना त्याने भरपूर टिपणे नीट लिहून ठेवली; त्याचे कर्तव्य संपले असे सर्वांनी मानले. भाचा म्हणाला, "मामा, कुठे काय आहे ते सगळं लिहिलंय. पण असंच का केलं, ते विचारायला कुणी नाही."

मला प्रश्न पडला : आपल्याला येते ते लिहून दिले, की ज्ञानाचे ऋण फिटते काय?

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ साली एका निबंधात याच प्रश्नाला हात घातला होता. त्यांनी दिलेले उदाहरण असे. एका गटाने कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन, तयार केले. दुसऱ्या गटाला त्यात थोडी भर घालून ते निराळ्या संगणकासाठी हवे होते. त्यांना सगळी कागदपत्रे मिळाली, शिवाय पहिल्या गटाचा सल्लाही. तरीही त्यांनी सुचवलेले काही महत्त्वाचे बदल ठिगळेच निघाले. मूळ रचनेतल्या सोयींची कागदांत सविस्तर चर्चा होती, पण त्या त्यांच्या ध्यानातच आल्या नाहीत. पहिल्या गटाला मात्र चूक तत्काळ दिसे आणि सोपा उपायही सुचे. पुढे त्या गटाचा हात सुटला. सुमारे १० वर्षांनी मूळ रचना ओळखू येत होती, पण नाना तऱ्हेच्या जोडकामाने पार निकामी झालेली.

नाउर यांच्या मते प्रोग्रॅमचे खरे ज्ञान तो करणाऱ्यांच्या समजुतीत असते, आणि ती समज नव्या माणसात उतरायची तर त्याने जाणत्यांबरोबर काम केले पाहिजे.

आपल्या सीमाभागात हे पटवून द्यायला नको. नुसते व्याकरण पाठ करून आपल्यापैकी कोणाला कानडी आली? ती शेजारच्या कट्ट्यावर, बाजारात, चुकतमाकत आणि हसे करून घेत आली.

म्हणून लिहिणे व्यर्थ नव्हे. दूरच्याला आणि उद्या येणाऱ्याला कागदाचाच आधार. पण कागद देऊन मोकळे होणे ही सोयीची पळवाटही असते. शेजारी बसवून शिकवायचे तर वेळ जातो, आपले अज्ञान उघडे पडते, आणि आपल्यावाचून अडणारे काम आपल्यावाचून चालू लागते. खरी भीती या शेवटच्या गोष्टीची. ती बाजूला सारल्याशिवाय देणे पुरे होत नाही. घेणाऱ्याचेही कर्तव्य आहेच : न लाजता 'का?' विचारण्याचे.

भाच्याने शेवटी त्या सहकाऱ्याला फोन केला. त्या भल्या माणसाने दोन रविवार दिले. आता भाच्याच्या हाताखाली एक नवी मुलगी आली आहे आणि तो रोज तासभर तिच्याशेजारी बसतो. साहेब विचारतात, "या आठवड्यात तू स्वतः काय केलंस?" त्या तासाला त्यांच्या अहवालात रकाना नाही.