वरचा स्वर आणि ओठांवरचा भार

काशीच्या शिंदे घाटाच्या पायरीवर निवांत बसा. खांदे सैल सोडा. दक्षिणेला लागूनच मणिकर्णिका घाट आहे, तिथे चिता जळत आहेत. म्हणून ट्रम्पेट पिशवीतच राहू द्या. आज वाजवायचे नाही. प्लास्टिकचा माउथपीस तळहातावर घ्या आणि एकच प्रश्न मनात धरा: वरच्या स्वरांसाठी हा मला हवा आहे का?

आधी स्पर्श. काशीच्या पौषातल्या पहाटे पितळ ओठांना झोंबते, कारण ते प्लास्टिकपेक्षा कितीतरी वेगाने ऊब ओढून घेते. हा प्लास्टिकचा माउथपीस ओठांना लगेच आपलासा वाटेल. ज्यांना निकेल सोसत नाही, त्यांचीही यात सोय आहे. मग वजन. पॉलिकार्बोनेटची घनता पितळेच्या साधारण सातवा हिस्सा. पण हलक्या माउथपीसने स्वरही वर चढेल का? उत्तराची घाई करू नका.

श्वास आत घ्या, पोटापर्यंत जाऊ द्या. हळूहळू सोडा. बी-फ्लॅट ट्रम्पेटवर पाच रेघांच्या खालचा ‘सी’ वाजवताना ओठ सेकंदाला सुमारे २३३ वेळा थरथरतात. दोन सप्तके वर, त्याच ‘सी’साठी ९३२ वेळा. हा चौपट वेग मनात आणा. तो सांभाळायचा आहे ओठांच्या नाजूक कडांना आणि त्यांच्यामधून सुटणाऱ्या वाऱ्याला.

आता रत्नेश्वर महादेवाकडे पाहा. मंदिर कललेले आहे आणि वर्षातला बराच काळ त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास हा घाट बांधवला आणि बांधकाम आपल्याच भाराने खचले. पायाला न पेलणारा भार किती भव्य वास्तूला खाली ओढतो, हे इथे डोळ्यांना दिसते. वरच्या स्वराकडे जाताना तुमचा हात काय करतो, ते आठवा. माउथपीस ओठांवर दाबतो का? दाबाखाली ओठांतले रक्त हटते, थरथर अडते आणि स्वर गुदमरतो.

इथून उत्तरेला, पंचगंगा घाटाजवळ, बालाजीचे मंदिर आहे. बिस्मिल्ला खाँ यांनी लहानपणी तिथे सनईचा रियाज केला. सनईची पत्ती नरकटाची, म्हणजे गवताची. ते नरकट त्यांच्या जन्मगावी, डुमरावला मिळते. गवताच्या त्या तुकड्यात प्राण आला तो श्वासाने आणि वर्षानुवर्षांच्या रियाजाने.

पुन्हा तळहाताकडे या. कडेवरून बोट फिरवा. ओरखडा असेल तर तो ओठाला लागेल. वाटी किती खोल आहे, पाहा. उथळ वाटीत स्वर उजळतो, वरच्या पट्टीत टिकणे सोपे जाते. पण खालचे स्वर विरळ होतात आणि जाड ओठ तळाला टेकतात. आतला आकार हाच स्वरावर अधिक परिणाम करतो, प्लास्टिक की पितळ हा प्रश्न त्याच्यामागून येतो. म्हणून नेहमीच्या पितळी माउथपीसशी तुलना करताना वाटी आणि कड शक्य तितकी सारखी असू द्या.

घरी गेल्यावर दोन्हींवर एकच स्वर लावा: आधी मध्यातला, मग वरचा. स्वर किती उंच गेला ते नंतर पाहा. आधी हात किती सैल राहिला ते पाहा. वाजवून झाल्यावर ओठांवर वळ उमटला असेल, तर त्या दिवशी स्वर वर चढवू नका, श्वासाकडे परता.

ज्या माउथपीसवर तुम्ही कमी दाबता आणि अधिक श्वास घेता, तोच निवडा. तो प्लास्टिकचा निघाला तर आनंदाने वापरा. पितळी निघाला तर प्लास्टिकचा थंडीतल्या सकाळींसाठी जपून ठेवा. पण वरचा स्वर विकत आणता येईल, अशी आशा कोणत्याही माउथपीसवर ठेवू नका. तो श्वासाने आणि रोजच्या रियाजानेच मिळवावा लागतो.