न वापरता येणारे स्वातंत्र्य

मुक्त-स्रोत ऑपरेटिंग सिस्टिम सामान्य माणसाला झेपेल का, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र स्वातंत्र्याविषयीचा जुना वाद आहे. एखादी मुभा मिळाली, पण ती वापरण्याची कुवतच नसेल, तर त्या माणसाला स्वतंत्र म्हणावे का? तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन यांचे मत असे की स्वातंत्र्य वेगळे आणि ते वापरण्यासाठी लागणारी परिस्थिती वेगळी. दोन्हींची गल्लत करू नये. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांचा भर दुसरीकडे आहे. माणसाला प्रत्यक्षात काय करता येते, यावरून ते त्याचे स्वातंत्र्य जोखतात.

प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर 1983 मध्ये मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम घडवण्याचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीने वापरणाऱ्याचे चार हक्क मांडले: प्रोग्रॅम हव्या त्या कामासाठी चालवणे, तो अभ्यासून बदलणे, त्याच्या प्रती वाटणे आणि बदललेली आवृत्तीही वाटणे. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचा लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आला आणि पूर्ण मुक्त प्रणाली शक्य झाली. पण किराणा दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्याला सोर्स कोड वाचता येत नाही. सेन यांच्या कसोटीवर त्याचा दुसरा हक्क कागदावरच राहिला, असे म्हणावे लागेल.

हा निष्कर्ष घाईचा आहे. हा हक्क स्वतःच्याच हाताने बजावला पाहिजे, अशी अट कुठेही नाही. कोड खुला असल्यामुळे दुकानदार कोणत्याही जाणकाराकडून दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि त्यासाठी मूळ निर्मात्याची परवानगी लागत नाही. अट एकच: असा जाणकार हाकेच्या अंतरावर हवा.

रोजच्या कामापुरता प्रश्न बराचसा सुटला आहे. लिनक्सवर उभ्या प्रणालींपैकी 2004 मध्ये आलेली उबुंटू किंवा विंडोजच्या सवयीला जवळची लिनक्स मिंट घेतली, तर ब्राउझर, पत्रव्यवहार, चित्रपट यांसाठी टर्मिनल उघडून आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी टंकलेखनही होते. अडते ते कडेला: एखादा प्रिंटर, एखादे वायफाय कार्ड, फक्त विंडोजवर चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर, जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांत टाइप केलेले दस्तऐवज. शिवाय दुकानात बहुतेक संगणक विंडोज घालूनच मिळतात. म्हणजे एका प्रणालीची उभारणी कारखान्यात झालेली असते आणि दुसरीची ग्राहकाने घरी करायची असते. अशा तुलनेतून निघालेला ‘अवघड’ हा शेरा अन्यायाचा आहे.

मग सोपेपणा म्हणजे नेमके काय? तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी 1927 च्या ग्रंथात हातोड्याचे उदाहरण दिले आहे. तो नीट चालतो तेव्हा सुताराचे लक्ष कामावर असते. मोडला की हातोडाच डोळ्यांत भरतो. संगणकाचा सोपेपणा म्हणजे साधन असे विसरून जाता येणे. ते विसरणे कोणाच्या तरी आधी केलेल्या श्रमातून येते. म्हणून सोपेपणा हा केवळ प्रणालीचा गुण मानता येत नाही.

केरळमधील सरकारी शाळांचा अनुभव हेच सांगतो. 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी@स्कूल’ प्रकल्पाने पुढे मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला, शिक्षकांना शिक्षकांकडूनच प्रशिक्षण दिले आणि अभ्यासक्रमाला साजेशी प्रणाली तयार करून घेतली. तिथल्या मुलांना लिनक्स अवघड वाटण्याचे कारणच उरले नाही. जर्मनीतील म्युनिक शहराची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. पालिकेने 2003 मध्ये लिनक्सकडे जाण्याचे ठरवले, 2013 पर्यंत सुमारे 15 हजार संगणक बदलले आणि 2017 मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. त्यामागे राजकारण होते, कारभारातील विस्कळीतपणा होता आणि बाहेरच्या कार्यालयांशी दस्तऐवजांची देवाणघेवाण करतानाच्या अडचणीही होत्या. त्या अपयशाचे सारे खापर लिनक्सवर फोडणे चूक आहे.

विकत घेतलेल्या सोपेपणाची किंमत उशिरा कळते. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला. असंख्य धडधाकट संगणक पुढच्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत आणि त्या अटी बदलणे मालकाच्या हातात नाही. लिनक्सच्याही आवृत्त्यांचा आधार संपतो, पण तिथे जुन्या यंत्रासाठी हलकी प्रणाली निवडता येते आणि एखादा गट ती पुढे चालू ठेवू शकतो. एकट्या, मदतीला कोणी नसलेल्या माणसासाठी लिनक्स आजही पुरेशी सोपी नाही, हे मान्य करावे लागते. त्याच्यासाठी आधी लागतो तो गावातला दुरुस्तीवाला, शाळेतला शिक्षक, ग्रंथालयातले मदत-केंद्र. नवा डेस्कटॉप त्यानंतर.