सहा सेकंद

नियमाने किती कठोर व्हावे? नातवाने एक चित्रफीत दाखविली, तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. अमेरिकेत टेनेसीच्या डोंगरांत ‘बार्कली’ नावाची शर्यत होते. ५ फेऱ्या, मुदत ६० तासांची. वाटेत ठेवलेल्या पुस्तकांतून आपल्या क्रमांकाची पाने फाडून आणायची. (पुस्तके फाडणे मला मुळीच रुचले नाही, ते असो.) २०१७ साली गॅरी रॉबिन्स सगळी पाने घेऊन परतला, तो मुदत टळल्यावर ६ सेकंदांनी. फाटकाशीच कोसळला बिचारा!

“सहा सेकंदांसाठी एवढा निष्ठुरपणा?” मी संतापलो.

“पण आजोबा, तो आला उलट्या दिशेने.”

शेवटच्या फेरीत धुक्यात तो वाट चुकला होता. सुमारे २ मैल राहूनच गेले होते. वेळेत पोहोचता तरी शर्यत पुरी झाली नसती. हे रॉबिन्सने स्वतःच जाहीरपणे सांगितले. माझी दया त्याला नकोच होती.

कचेरीत असताना मुदत टळलेला एक अर्ज मी आदल्या दिवसाची तारीख घालून घेतला होता. त्या दयाळूपणाचे मला आजवर कौतुक वाटे. हल्ली मात्र त्याच सकाळी मी परत पाठविलेला दुसरा अर्जदार आठवतो. तो माझ्या ओळखीचा नव्हता, इतकेच.