कर्म पुसावे की कूळ?

एखाद्याच्या हातून घोर पाप घडले की जग त्याच्या कर्माइतकीच त्याच्या कुळाची चौकशी करते. आईबाप कोण, घर कसले, लहानपण कसे गेले, पोराला वळण का लावले नाही, हे जो तो मोठ्या आवडीने विचारू लागतो. ही आवड धर्माला धरून आहे काय, एवढाच आजचा विषय. संतसज्जनांनी तो शांतपणे ऐकावा. ही गोष्ट केवळ दूरदेशीची नाही, ती आपल्या दारात येऊन गेलेली आहे.

अंबरनाथच्या एमआयडीसीत कामगारांच्या वस्तीत हरिनाम सप्ताह होता, तेथे आमची कीर्तनसेवा होती. कीर्तन आटोपल्यावर रात्रपाळीला निघालेली काही मंडळी चहाला थांबली आणि त्यांच्यात इंग्लंडातील एका नर्सबाईची गोष्ट निघाली. लूसी लेटबी तिचे नाव. चेस्टर गावच्या इस्पितळात सात नवजात बालकांचा जीव घेतल्याबद्दल मँचेस्टरच्या न्यायालयाने तिला ऑगस्ट २०२३ मध्ये दोषी ठरविले आणि आमरण तुरुंगवास दिला. एकजण मोबाईलवर तिच्या आईबापांचे फोटो दाखवीत होता. बाकीचे त्यावर वाकून पाहत होते आणि जो तो आपला तर्क लढवीत होता. शेवटी एकाने आम्हांला विचारले, “महाराज, असलं लेकरू पोटी यायला त्या आईबापानं मागं काय केलं असंल हो?”

प्रश्न भाबडा खरा, पण सोपा नव्हे. भोंग्याची वेळ झाली, मंडळी कामावर गेली, उत्तर अर्धे राहिले. म्हणून ते येथे पुरे करतो.

आधी पूर्वपक्ष मांडू. “खाण तशी माती” असे आपल्याकडे म्हणतात. आम्ही कीर्तनकार मंडळी तर गावोगावी संस्काराचे माहात्म्य सांगत फिरतो. मग मूल चांगले निघाले तर आईबापांची पुण्याई आणि वाईट निघाले तर त्यांच्याकडे बोट दाखवायचे नाही, हा कुठला न्याय? शिवाय या पक्षाला आपल्या महाराष्ट्रातच एक उदाहरण सापडते. १९९६ मध्ये अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, पकडल्या गेल्या. चोऱ्या करताना आडोसा म्हणून लहान मुले पळवावयाची आणि जड होऊ लागली की त्यांतील काहींना मारून टाकावयाचे, असा त्यांचा धंदा होता. आई कैदेत असतानाच वारली. दोघी बहिणींना २००१ साली फाशीची शिक्षा झाली. दयेच्या अर्जावर निर्णय देण्यात सरकारने फार काळ घालविला म्हणून जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. पूर्वपक्षी म्हणेल, “पाहा, आईच तशी, तर लेकी कशा निघणार!”

आता उत्तर ऐका. अंजनाबाई पकडली गेली ती आई म्हणून नव्हे. तिचा स्वतःचा हात त्या कर्मात होता म्हणून ती आरोपी झाली. आणि मुलींना शिक्षा झाली ती तिच्या पोटी जन्मल्याबद्दल नव्हे, त्यांनी स्वतः केलेल्या कृत्यांबद्दल झाली. न्यायालयाने कर्म पुसले. कूळ पुसले ते लोकांनी.

बरे, कुळावरून काही कळते म्हणावे, तर तेही नाही. जर्मनीत नील्स ह्योगेल नावाचा एक परिचारक होता. आपले कसब दाखवावे म्हणून तो रोग्यांना औषध टोचून मरणाच्या दारी नेई आणि मग वाचविण्याचा खटाटोप करी. ८५ खुनांबद्दल २०१९ मध्ये त्याला शिक्षा झाली. त्याचे घर कसे? बाप स्वतः परिचारक, आजीही परिचारिका, घरात रुग्णसेवेचीच परंपरा! अमेरिकेत चार्ल्स कलेन नावाचा दुसरा एक परिचारक होता. २९ खुनांची कबुली देऊन तो २००६ मध्ये जन्माचा आत गेला. त्याचे घर अगदी उलटे. तान्हा असताना बाप गेला, शाळेत असताना आई मोटारीच्या अपघातात गेली. लोक म्हणाले, दुःखाने बिघडला. पण अहो, आठ भावंडांत तो धाकटा. तेच घर, तेच दुःख, आणि खुनी निघाला एक! सुखाचे घर असो की दुःखाचे, दोन्हींतून तेच फळ निघालेले दिसते, तर घराला कारण कसे म्हणावे? रावण आणि बिभीषण एकाच मातेचे पुत्र आणि प्रल्हाद हिरण्यकशिपूचा, हे तर आपल्या घरातली पोरेही जाणतात.

मीमांसकांचा निर्णय असा आहे की कर्माचे फळ कर्त्याचे. ज्याने केले त्याने भोगावे. वाल्या कोळ्याची गोष्ट आपण किती वेळा ऐकतो! नारदांनी त्याला घरी पाठविले आणि विचारायला सांगितले, “माझ्या पापात तुमचा वाटा आहे ना?” बायकापोरांनी स्वच्छ नाही म्हटले. ते नाही ऐकले तेव्हा वाल्याचे डोळे उघडले. त्या गोष्टीत घरच्यांनी वाटा नाकारला, हा शास्त्राचा निर्णय. आज आपण तोच वाटा त्यांच्या पदरात बळेच बांधतो आणि वर धर्माचे नाव सांगतो.

आम्हां वारकऱ्यांना तर हे अधिक कळावयास हवे. आपल्या संप्रदायाचा पायाच या प्रश्नाशी येऊन थांबतो. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले. त्याचा दंड कोणाला झाला? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चार अजाण लेकरांना झाला. “संन्याशाची पोरे” म्हणून आळंदीने त्यांना वाळीत टाकले. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तरी शुद्धिपत्रासाठी लेकरांना पैठणची वाट धरावी लागली, असे परंपरा सांगते. त्या वेळी गावाने बापाचे कर्म मुलांच्या माथी मारले. आज आपण मुलांचे कर्म आईबापांच्या माथी मारतो. दिशा उलटली, अन्याय तोच राहिला.

आणि हे इंग्लंड-जर्मनीचे राहू द्या. ऑगस्ट २०२४ मध्ये अंबरनाथच्या पुढच्याच स्टेशनावर, बदलापुरात, शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्टला हजारो लोक रुळांवर उतरले आणि तासन्‌तास गाड्या बंद पडल्या. त्या संतापाला आम्ही नावे ठेवणार नाही. कोवळ्या लेकरांसाठी ज्याला संताप येत नाही, त्याच्या हातातील टाळही व्यर्थ. पण तोच संताप आरोपीच्या घरावर गेला. घराची मोडतोड झाली, घरच्यांना घर सोडून जावे लागले. २३ सप्टेंबरला पोलिसांच्या गाडीतून नेताना आरोपी पोलिसांच्याच गोळीने मेला. खटला चाललाच नव्हता. पुढे प्रेत पुरावयास जागा मिळेना. आईबापांना त्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि लोकांचा विरोध असताना पोलिसांच्या बंदोबस्तात २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या स्मशानभूमीत दफन झाले. आरोपीचे कर्म न्यायाधीशाने तपासायचे होते, ते राहून गेले. पण ज्या आईने त्याला जन्म दिला तिने मूठभर माती कोणाकडे मागावी? तिने कोणता गुन्हा केला होता?

मग लोक कूळ का पुसतात? आम्हांला दिसते ते असे. त्या घरात काही वेगळे सापडले, तर आपले घर सुरक्षित ठरते. तो बाप दारुडा होता, मी नाही. ती आई लक्ष देत नव्हती, मी देते. म्हणजे आपल्या अंगणात हे विष उगवणार नाही. भीतीवर हा उतारा आहे, बरे का! दुसऱ्याच्या दुर्दैवाची मोजदाद करून आपण आपल्याला धीर देतो आणि त्याला विचार असे नाव ठेवतो.

या उताऱ्याचे मोल फार पडते. बिनगुन्ह्याची माणसे पोळतात हे एक. दुसरे असे की जो प्रश्न विचारायचा तो मागे पडतो. कामगारांना हे चटकन कळेल. यंत्रात एखाद्याचा हात जातो. लगेच बोलणे सुरू होते, “घरी भांडण होतं म्हणे, रात्रभर झोपला नव्हता.” पण मशीनचा गार्ड किती दिवसांपासून काढून ठेवला होता, हे सुपरवायझरला कोणी विचारत नाही. इस्पितळांतही तेच घडले. ह्योगेलवर पहिल्या इस्पितळात संशय आला होता. त्यांनी त्याला चांगले प्रशस्तिपत्र देऊन दुसरीकडे धाडला, आणि तेथे आणखी रोगी मेले. कलेन सोळा वर्षे एका इस्पितळातून दुसऱ्यात हिंडत राहिला. त्याच्या मेलेल्या आईपाशी काय शोधता? ज्यांनी पाहिले आणि गप्प बसले, त्यांना विचारा! आपला २०१२ चा पोक्सो कायदा नेमके हेच विचारतो. लेकरावर अत्याचार झाल्याचे ज्याला कळले आणि ज्याने कळविले नाही, तो गुन्हेगार. बदलापूरच्या शाळेच्या चालकांवरही याच कारणाने गुन्हा नोंदविला गेला. आरोपीची आई कोण, हे तो कायदा विचारत नाही. कायद्याला जे कळले ते आपल्याला कळू नये काय?

आणखी एक सावधगिरी. २०२५ मध्ये निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या एका मंडळाने लेटबीच्या खटल्यातील वैद्यकीय पुरावाच तपासून सांगितले की त्यात खून दिसत नाहीत. खरे काय ते तेथील न्यायसंस्था ठरवील, तो आमचा अधिकार नव्हे. पण जगभरच्या ज्या लोकांनी तिच्या आईबापांच्या घराच्या भिंतींत पाप शोधून काढले, त्यांना ते सापडले कसे? ज्याला शोधायचेच आहे त्याला कोणत्याही घरात सापडते. तुमच्या आमच्या घरातही सापडेल.

आता संस्काराचा प्रश्न उरला. संस्कार हे कर्तव्य आहे आणि ते पुढे पाहते. माझ्या लेकराला मी काय देतो, हे रोज रात्री स्वतःला विचारण्यासाठी ते आहे. शेजाऱ्याच्या राखेत हात घालून त्याने काय दिले नाही हे उकरण्यासाठी नाही. पेरणाऱ्याने बी निवडून पेरावे, हे खरे. पण गारपीट झालेल्या शेताच्या बांधावर उभे राहून शेतकऱ्याला शिव्या देणारा शहाणा नव्हे. आईबापांचा हात खरोखर गुन्ह्यात असेल तर न्यायालय आहे. नसेल तर ते दुःखी आहेत, आणि दुःखिताशी कसे वागावे हे आपल्याला शिकवावे लागू नये.

म्हणून पुन्हा कधी अशी वार्ता कानी आली, तर नळावर, कॅन्टीनमध्ये, गाडीच्या डब्यात बोलणे त्या घराकडे वळू लागताच एवढेच विचारावे: मेलेल्यांचे कोण आहे? त्यांच्यासाठी काय करता येईल? कोणाला हे आधी कळले होते आणि तो का बोलला नाही? उद्या आपल्या कारखान्यात, शाळेत, इस्पितळात असे काही दिसले तर बोलण्याचे धैर्य आपल्यापाशी आहे का? हे प्रश्न कूळ पुसण्याइतके रुचकर नाहीत, हे आम्ही जाणतो. पण यांनी एखाद्या लेकराचा जीव वाचेल.

दिंडीत शेजारी चालणाऱ्याला आपण कूळ पुसत नाही, माउली म्हणतो. ज्या पोराला गावाने बापाच्या कर्मासाठी वाळीत टाकले, त्याच पोराला साऱ्या महाराष्ट्राने माउली म्हटले, त्याचा हा शब्द आहे. तो केवळ वारीच्या वाटेपुरता ठेवू नये. एखाद्या खुन्याच्या आईला वस्तीत कोणी दार उघडीत नसेल, तर तिच्या दारी जाऊन तिलाही याच नावाने हाक मारावी.