जास्त हाल कोणाचे?

भाडेकरू काढावा कसा, हा प्रश्न मला 2001 साली पडला. त्याआधी सोळा वर्षं हाच प्रश्न मी सोलापुरात माझ्या घरमालकाला पाडला होता. तेव्हा भाडेकरूचं संरक्षण करणारा कायदा मला फार माणुसकीचा वाटे. नोकरी संपवून धाराशिवला आलो, स्वतः मालक झालो, आणि तोच कायदा एकदम एकांगी दिसू लागला. चष्मा बदललेला नव्हता, घर बदललं होतं.

घर आमचं जुनं, माळवदाचं. पुढच्या दोन खोल्यांत वडिलांनी 1974 साली एक मास्तर ठेवले होते. वडील गेले, मास्तर राहिले. भाडं नव्वद रुपये. मृग जवळ आला की अंगणात उभं राहून विचारायचे, "मालक, यंदा माळवदावर माती टाकायलात, का मी छत्री घेऊन झोपू?" माती टाकली तर तीत खडे निघायचे. आमच्या आमटीवर त्यांचं मत असे, पाहुण्यांच्या मुक्कामावर असे, आणि ते साऱ्या गल्लीला ऐकू जाई.

त्यात मुलाची नोकरी गेली. तो बायको-बाळासह घरी आला. दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन सून स्वयंपाकघरात निजू लागली, आणि मी वकील गाठला.

त्याआधी मित्रांचे सल्ले झालेच होते. एक म्हणाला, "पाणी तोड." आमच्या गावात नळाला पाणी येणं हाच मुळी सोहळा. जे येतच नाही ते तोडायचं कसं? वकीलसाहेब म्हणाले, तसलं काही केलंत तर तुम्हीच गुन्हेगार. निजामाचं राज्य 1948 साली गेलं, पण घरभाड्यापुरते आम्ही हैदराबादच्या 1954 च्या कायद्यातच राहत होतो. 31 मार्च 2000 पासून राज्यभर एकच भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात वर्षाला चार टक्के भाडेवाढ मिळते. नव्वदाचे चार टक्के म्हणजे तीन रुपये साठ पैसे! मी कंजूष नाही, पण श्रीमंतीला एवढ्यानं सुरुवात होत नाही.

"भाडं थकलंय?"

"नाही हो. एक तारखेला पावतीला हात पुढं."

"थकलं असतं तरी समन्स मिळाल्यावर नव्वद दिवसांत व्याजासकट भरलं की सुटले. पोटभाडेकरू?"

"त्यांच्याकडे सख्खा भाऊ टिकत नाही."

"मग तुमची गरज दाखवा. पण कोर्ट पाहतं, जागा दिली तर जास्त हाल कोणाचे, न दिली तर कोणाचे. एका भागात दोघांचं भागत असेल तर तेवढ्याच भागाचा हुकूम देतं."

घरी येऊन मी कागदावर दोन रकाने आखले. माझा झरझर भरला. मास्तरांचा भरायला बसलो आणि अडलो. वय सत्तर. मूलबाळ नाही. नव्वद रुपयांत दुसरी जागा? गोठासुद्धा मिळाला नसता. शिवाय 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात आमचंही घर हललं, तेव्हा मी सोलापुरात होतो. आईला उचलून अंगणात कोणी आणलं, तर मास्तरांनी. (दुसऱ्या दिवशी भिंतीच्या भेगेचा तक्रारअर्जही त्यांनीच दिला.) हे कोणत्या रकान्यात घालायचं? हालात तर ते बसत नव्हतं. उपकाराचं भाडं धरावं, तर ते वर्षाला किती टक्क्यांनी वाढतं?

आईला विचारलं. ती म्हणाली, "काढ की. फक्त पुढच्या खेपेला मला कोण उचलणार ते सांगून ठेव."

सोलापूरच्या मालकाची मुलगी बाळंतपणाला आली होती, तेव्हा त्यांनी माझ्याकडे एक खोली मागितली होती. मी त्यांना कायद्याचं कलम ऐकवलं होतं. तो रकाना मी आखलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे गेलो. बोलताना घसा कोरडा पडला. म्हटलं, "मास्तर, एक खोली द्याल का? सुनेला."

ते बराच वेळ माळवदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आतली न्या. भाडं निम्मं, पंचेचाळीस. पावती तशी करा. आन् बाळ रात्री लई रडतंय, पोटावर हिंग लावायला सांगा सूनबाईला."